आरोपाचे वाक्य आणि हिशेबाचे वाक्य : नगर जिल्ह्यातील एका निवडणूक-खटल्याच्या निमित्ताने

१

लोकप्रतिनिधींच्या खर्चासंबंधी वृत्तपत्रांनी जे लिहिले, त्याचा राज्यकारभारावर कोणता परिणाम झाला, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, वृत्तपत्रांनी मंत्र्यांना, प्रसंगी मुख्यमंत्र्यांनाही, पायउतार व्हावयास लावले. तेव्हा त्यांचे सामर्थ्य वादातीत आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, माणसे गेली, पण पद्धत राहिली. तेव्हा हे सामर्थ्य दिखाऊ आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही मते परिणामापासून आरंभ करतात. ज्या बातमीतून परिणाम व्हावयाचा ती कशी लिहिली गेली, तिच्यात काय होते आणि काय नव्हते, याची चिकित्सा कोणी करीत नाही. काव्याची किंवा कथेची चिकित्सा करताना आपण शब्दयोजनेपासून सुरुवात करतो. बातमी हाही लेखनाचाच प्रकार असल्यामुळे तिलाही तीच कसोटी लावण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रस्तुत टिपणात या दृष्टीने एक भेद सुचविला आहे. सार्वजनिक पैशाविषयी अथवा निवडणुकीतील पैशाविषयी वृत्तपत्रात येणारी वाक्ये दोन जातींची असतात. पहिल्या जातीत कर्ता माणूस असतो: अमक्याने तमक्यावर पैसे वाटल्याचा आरोप केला. दुसऱ्या जातीत वाक्याचा विषय पैसा असतो: अमुक रक्कम, अमुक तारखेस, अमक्याकडून तमक्याकडे, अमुक कारणासाठी गेली आणि त्याची नोंद अमुक कागदावर आहे. पहिल्यास आपण आरोपाचे वाक्य म्हणू, दुसऱ्यास हिशेबाचे. वृत्तपत्रांचा राज्यकारभारावर टिकाऊ परिणाम झाला तो जेथे दुसरे वाक्य लिहिले गेले तेथे झाला. पहिल्या वाक्याने बहुधा व्यक्तींचे भांडण वाढले व मूळ प्रश्न झाकला गेला, असे या टिपणाचे प्रतिपादन आहे. त्याची तपासणी करण्यास अहमदनगर जिल्हा, ज्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, विशेष सोयीचा आहे. कारण निवडणूक-खर्चाविषयीचा एक महत्त्वाचा निवाडा याच जिल्ह्यातील निवडणुकीतून उद्भवला.

२

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघातून काँग्रेस पक्षाचे यशवंतराव गडाख निवडून आले. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते बाळासाहेब विखे पाटील. ते १९७१ पासून कोपरगाव मतदारसंघाचे खासदार होते आणि या वेळी अपक्ष म्हणून उभे होते. दोघेही सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आलेले. विखे यांच्या घराण्याचा प्रवरानगरचा कारखाना हा त्यांचे वडील विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला, देशातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभबिंदू. गडाख यांचे कार्य नेवासे तालुक्यात सोनईच्या मुळा कारखान्याभोवती उभे राहिलेले. तेव्हा ही लढत दोन व्यक्तींची होती, तशीच एकाच पक्षपरंपरेतील दोन बलवान गटांचीही होती.

निवडणुकीनंतर विखे यांनी उच्च न्यायालयात निवडणूक-याचिका दाखल केली. प्रचारात गडाख यांनी आणि त्यांच्यासाठी प्रचार करणाऱ्या शरद पवार यांनी आपल्याविषयी, आपण पैशाच्या बळावर मते मिळवू पाहत आहोत अशा आशयाची खोटी विधाने केली, हा तक्रारीचा गाभा होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (४) प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे जाणून अथवा खरे आहे असा विश्वास नसताना, त्याच्या यशाला बाधा यावी अशा रीतीने केलेले विधान हा भ्रष्ट आचार ठरतो. मार्च १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली, विखे यांना निर्वाचित घोषित केले आणि पवार यांच्यावरही ठपका ठेवला. पवार त्याच महिन्यात पुन्हा मुख्यमंत्रिपदी आले होते. ठपका कायम झाला असता, तर मुख्यमंत्र्यांवर अपात्रतेचे संकट ओढवले असते. एका मतदारसंघातील प्रचारसभांचे शब्द अशा रीतीने राज्याच्या सरकारपर्यंत जाऊन पोहोचले.

१९ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गडाख यांची निवड रद्दच राहिली. मात्र विखे यांना निर्वाचित ठरविणारा भाग टिकला नाही आणि पवार यांच्यावरील ठपका दूर झाला. पुढे १९९४ मध्ये पोटनिवडणूक होऊन काँग्रेसचे मारुतराव शेळके लोकसभेवर गेले.

जिल्ह्याच्या स्मरणात हा खटला दोन घराण्यांचे, किंवा विखे आणि पवार यांचे वैर म्हणून राहिला. २०१९ मध्ये सुजय विखे पाटील यांच्या उमेदवारीचा प्रश्न निघाला तेव्हा वृत्तपत्रांनी १९९१ ची आठवण पुन्हा काढली, ती याच रूपात. परंतु निवाड्याचा जो भाग कायद्याच्या अभ्यासकांनी पुढे वारंवार उद्धृत केला तो निराळा आहे. न्या. जे. एस. वर्मा यांनी लिहिलेल्या या निवाड्यात निवडणूक-खर्चाच्या मर्यादेविषयी स्पष्ट अभिप्राय आहे. उमेदवाराच्या खर्चाला घातलेली मर्यादा ही केवळ धूळफेक झाली असून खर्चावर प्रत्यक्षात कोणताही अंकुश राहिलेला नाही, असा त्याचा आशय. प्रचाराची पातळी राखण्याची पहिली जबाबदारी राज्य व राष्ट्र पातळीवरील नेत्यांची आहे, असेही न्यायालयाने तेथे बजावले.

३

हा अभिप्राय समजण्यास थोडी मागील हकीकत पाहावी लागते. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि वर्ष संपण्यापूर्वी कायदा बदलला. कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले व पक्षाने किंवा अन्य व्यक्तींनी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे, असे ठरले. ही पळवाट २००३ मध्ये बरीच आकुंचित झाली. परंतु पक्षांच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादा तेव्हाही घातली गेली नाही.

१९९१ मध्ये महाराष्ट्रातील लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा दीड लाख रुपये होती. एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे, शेकडो गावे, जीपगाड्यांचे ताफे, ध्वनिक्षेपक, भित्तिपत्रके, सभा आणि वृत्तपत्रांतील जाहिराती. आणि हे सर्व दीड लाखात. निवडणूक ज्याने दुरूनही पाहिली असेल त्याला या आकड्याचे स्वरूप सांगावयास नको. तथापि कागदोपत्री सर्व उमेदवार मर्यादेत राहत, कारण उर्वरित खर्च पक्षाचा वा मित्रांचा असे.

येथे नगरच्या खटल्यातील विसंगती लक्षात येते. प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाविषयी खोटे बोलल्याचे शाबीत होऊ शकले आणि त्यापायी एक निवड रद्द झाली. परंतु खरा खर्च कोणी किती केला हे शाबीत करण्याची वाटच कायद्याने जवळजवळ बंद केलेली होती. न्यायालयापुढे आरोपाचे वाक्य तपासणीला आले, कारण तेच उपलब्ध होते. हिशेबाचे वाक्य उच्चारण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

वृत्तपत्रांची गोष्ट न्यायालयापेक्षा वेगळी असावयास हवी होती. न्यायालय पुराव्याच्या आणि कलमाच्या चौकटीने बांधलेले असते. वार्ताहराला गावात फिरून किती गाड्या, किती दिवस, कोणाच्या नावे, इंधन कोणत्या पंपावरून, हे विचारण्यास कलम ७७ ची आडकाठी नव्हती. तरीही खर्चाची बातमी देशभर बहुधा सभेच्या वृत्तातून आली, चौकशीतून क्वचित आली. वक्ता बोलला, ते छापले. दुसऱ्याने उत्तर दिले, तेही छापले. समतोल राखल्याचे समाधान झाले. आणि दीड लाखाचा आकडा प्रश्नचिन्हाशिवाय तसाच राहिला.

४

या वृत्तलेखनाची भाषा थोडी निरखून पाहण्यासारखी आहे. मराठी बातमीत 'केल्याचे समजते', 'वाटल्याचे बोलले जाते', 'दिल्याचा आरोप त्यांनी केला' या रचना इतक्या रुळल्या आहेत की त्यांचे कार्य आपल्या ध्यानातही येत नाही. 'वाटल्याचे' या रूपात कर्ता लोपतो आणि काळही पुसट होतो. 'समजते' म्हणजे कोणाला, कोठून, हे विचारण्याची सोय उरत नाही. जोडीला 'खळबळ उडाली', 'गौप्यस्फोट', 'टीकेची झोड उठविली' हे शब्द येतात. त्यांत पैशाविषयी काहीच माहिती नसते. माहिती असते ती बोलणाऱ्याच्या आवेशाविषयी. अशा बातमीचे कात्रण दहा वर्षांनी हाती घेतले तर कोण कोणावर रागावला होता एवढेच कळते, किती रुपये कोठे गेले हे कळत नाही.

न्यायालयांनी या वाक्याचे मोल फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे, आणि तेही मराठी वृत्तपत्राशी निगडित असलेल्या एका खटल्यात. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला. त्या निवडणुकीविरुद्धच्या याचिकेत आचार्य अत्रे यांच्या 'मराठा' पत्रातील पाटीलविरोधी लेखनाचा प्रश्न निघाला. १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मांडले: प्रत्यक्ष काय घडले हे साक्षीदारांकरवी शाबीत झाल्याशिवाय बातमीला पुरावा म्हणून किंमत नाही, ती फार तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत होय. वृत्तपत्राच्या मजकुराची जबाबदारी उमेदवाराची संमती शाबीत झाल्यावाचून त्याच्यावर टाकता येत नाही, असेही ठरले. पत्रकाराला हा निर्णय अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. आरोपाचे वाक्य ज्या जातीचे आहे तीच जात न्यायालयाने सांगितली.

अर्थात कागद हाती आहे एवढ्यानेही भागत नाही, हा धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीला तिच्या बाल्यावस्थेतच मिळाला आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींना मिळणाऱ्या वागणुकीविषयी 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली, ती बर्वे यांची म्हणून दाखविलेल्या पत्रांच्या आधारे. ती पत्रे खरी ठरली नाहीत, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू प्रामाणिक होता याविषयी कोणालाच संशय नव्हता. हेतूचा प्रामाणिकपणा आणि कागदाचा अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शिक्षेने शिकविले. हिशेबाचे वाक्य लिहिणाऱ्यास दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

५

हिशेबाचे वाक्य लिहिले गेले म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण १९८१ चे आहे. त्या वर्षी ३१ ऑगस्टला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व अन्य न्यासांविषयी लिहिले. साहित्यिक व कलावंतांना साहाय्य करणे हा प्रतिष्ठानाचा घोषित हेतू होता. नियंत्रित सिमेंटचे वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध काय, हा लेखनाचा प्रश्न होता. त्यात विशेषणे नव्हती असे नाही. परंतु विशेषणांच्या खाली कोणाला किती सिमेंट मिळाले आणि कोणाकडून किती देणगी आली, या नोंदी समोरासमोर मांडलेल्या होत्या. त्या मांडणीलाच उत्तर देणे भाग पडले. पी. बी. सामंत आदींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट-वाटपाबाबत प्रतिकूल निर्णय दिला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री बदलले.

या प्रकरणाचा नगरसारख्या जिल्ह्याशी संबंध होता. सहकारी साखर कारखान्यांची प्रकरणे शासनापुढे विचाराधीन असताना त्यांच्याकडून देणग्या घेण्यात आल्या, हाही आक्षेपांचा एक भाग होता. साखर कारखान्याच्या सभासदाला उसाच्या बिलातून होणारी कपात परिचित असते. वार्षिक अहवाल त्याच्या घरी येतो. सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर, निदान नियमाप्रमाणे तरी, चर्चा व्हावयाची असते. म्हणजे ज्या वाचकासाठी नगर जिल्ह्यातील बातमी लिहिली जाते तो जमा आणि खर्च या दोन बाजू ओळखणारा वाचक आहे. त्याला आकडे रुचत नाहीत, त्याला सभेतील टोलेबाजीच हवी असते, हे संपादकांचे नेहमीचे समर्थन या जिल्ह्यात तरी टिकण्यासारखे नाही.

अंतुले-प्रकरणाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. मुख्यमंत्री गेले, फौजदारी खटला मात्र १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाकडे सोपविला आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तोच आदेश मागे घेतला. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. तेव्हा हिशेबाच्या वाक्याने न्याय पूर्ण होतो असा दावा येथे नाही. त्याने प्रश्न असा मांडला जातो की त्याला प्रत्यारोप करून उत्तर देता येत नाही, एवढाच दावा आहे. आणि तो लहान नाही.

६

नगर जिल्ह्यातील दुसरे उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे. अण्णा हजारे यांनी १९९० नंतरच्या दशकात मंत्र्यांच्या आर्थिक व्यवहारांविषयी जी आंदोलने केली त्यांना वृत्तपत्रांनी मोठी प्रसिद्धी दिली. त्यात आरोपाच्या वाक्याचा धोकाही दिसून आला. तत्कालीन मंत्री बबनराव घोलप यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात १९९८ मध्ये हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. लोकक्षोभामुळे त्यांची लवकर सुटका झाली आणि १९९९ मध्ये घोलप यांनीही मंत्रिपद सोडले. न्यायालयात एकाचा पराभव, लोकमतात दुसऱ्याचा. पण मूळ आर्थिक प्रश्नाचा उलगडा यांपैकी कोणत्याही घटनेने झाला नाही.

२००३ च्या उपोषणानंतर शासनाने न्या. पी. बी. सावंत यांचा चौकशी आयोग नेमला. फेब्रुवारी २००५ मध्ये सादर झालेल्या अहवालात सुरेश जैन, नवाब मलिक व पद्मसिंह पाटील यांच्यावर ठपका ठेवण्यात आला आणि विजयकुमार गावित यांना दोषमुक्त ठरविण्यात आले. मलिक यांना मंत्रिपद सोडावे लागले. या अहवालाची दुसरी बाजू अशी की, प्रत्यारोपांच्या चौकशीत आयोगाने हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टचेही हिशेब पाहिले. हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभासाठी न्यासाच्या निधीतून २ लाख २० हजार रुपये खर्च झाले, हा खर्च बेकायदेशीर असून भ्रष्ट आचारात मोडतो, असा निष्कर्ष आयोगाने नोंदविला. ही रक्कम पुढे एका देणगीदाराने भरून दिली होती. परंतु आयोगाने आपली कसोटी बदलली नाही.

या निष्कर्षाचे वृत्तपत्रांतील आयुष्य पाहण्याजोगे आहे. अहवाल २००५ चा. त्यातील हे वाक्य देशभर गाजले ते ऑगस्ट २०११ मध्ये, दिल्लीतील लोकपाल-आंदोलनाच्या वेळी, जेव्हा काँग्रेसचे प्रवक्ते मनीष तिवारी यांनी ते हजारे यांच्याविरुद्ध वापरले. पुढे तिवारी यांनी आपल्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला, त्याचीही बातमी झाली. हिशेबाचे वाक्य सहा वर्षे कपाटात होते. आरोपाच्या वाक्यात बसविले तेव्हाच ते पहिल्या पानावर आले. हजारे यांच्या चाहत्यांना त्यात बदनामी दिसली, विरोधकांना विजय दिसला. आयोगाच्या पद्धतीत जो खरा बोध होता, की मंत्री असो वा मंत्र्यांना जाब विचारणारा असो, न्यासाच्या पैशाला एकच कसोटी लावावयाची, तो दोघांच्याही हातून निसटला.

७

येथवर वृत्तपत्र हे खर्चाचे साक्षीदार होते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ते स्वतःच खर्चाची बाब झाले. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. त्यांची स्तुती करणारी कित्येक पाने मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापली गेली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत तोच मजकूर शब्दशः आढळला. चव्हाण यांनी सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखविलेला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये ही विसंगती पुढे आणली. त्यांची पद्धत साधी होती: एका बाजूला छापील पाने ठेवली, दुसऱ्या बाजूला निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल झालेला हिशेब ठेवला. गुप्त सूत्रे, गौप्यस्फोट यांची गरजच पडली नाही. दोन्ही कागद सर्वांना उपलब्ध होते.

त्याचा परिणामही लक्षणीय झाला. भारतीय वृत्तपत्र परिषदेला पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमावी लागली. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दाखल झालेला हिशेब खरा आहे की नाही याची चौकशी करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. चव्हाण यांचे मुख्यमंत्रिपद नोव्हेंबर २०१० मध्ये गेले, पण ते आदर्श सोसायटीच्या प्रकरणात. म्हणजे व्यक्तीपुरते पाहिले तर या बातमीने कोणाचेही आसन हलले नाही. परंतु नगरच्या निवाड्यात ज्या मर्यादेला धूळफेक म्हटले गेले तिच्यामागील हिशेब तपासण्याचा अधिकार वीस वर्षांनी निःसंदिग्धपणे मान्य झाला, तो या बातमीतून उद्भवलेल्या खटल्यात. आमच्या मते राजीनाम्यापेक्षा हा परिणाम मोठा आहे.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये मे २००९ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने संसद-सदस्यांच्या भत्त्यांचे तपशील दिवसामागून दिवस छापले. त्याआधी हेदर ब्रुक या पत्रकार स्त्रीने माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली कित्येक वर्षे झगडा केला होता. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले आणि त्याच वर्षी भत्त्यांवर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था कायद्याने स्थापन झाली. मात्र तेथेही लोकांच्या स्मरणात राहिले ते बदकांसाठी बांधलेले तरंगते घरकुल. ज्या सदस्याने त्याचे १,६४५ पौंड मागितले होते त्याला ते मिळालेच नव्हते. कार्यालयाने ती मागणी नाकारली होती. हसण्याजोगी बाब हिशेबाच्या खऱ्या बाबीवर कशी मात करते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. तरीही तेथे पद्धत बदलली, कारण त्या घरकुलाच्या आजूबाजूला पावत्यांची शेकडो पाने होती.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तालुक्याच्या वार्ताहराकडून हिशेबाच्या वाक्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याचे मानधन तुटपुंजे. बहुधा जाहिराती मिळविण्याचे कामही त्याच्याकडेच. आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे तेच कारखान्याचे, बँकेचे व शिक्षणसंस्थेचे चालक. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, दोष वार्ताहराचा नसून त्याला अशा स्थितीत ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. जो हात जाहिरातीचे पैसे घेतो त्याच हाताने जाहिरातदाराचा हिशेब तपासावा, ही रचनाच सदोष आहे. दुसरा आक्षेप असा की, लोकशाहीत आरोप करण्याचे व छापण्याचे स्वातंत्र्य हवेच. प्रत्येक वाक्याला पावती मागितली तर सत्ताधाऱ्यांचेच फावेल. हेही मान्य आहे. आरोपाचे वाक्य वर्ज्य करावे असे आम्ही म्हणत नाही. ते बातमीचा आरंभ असावे, शेवट नसावा, एवढेच म्हणणे आहे. 'त्यांनी पैसे वाटले' असे कोणी म्हणाला, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'त्यांनी आरोप फेटाळला' यापलीकडे एखादे वाक्य वाचकाला मिळावयास हवे.

ते वाक्य लिहिण्याची साधने आपल्या समजुतीपेक्षा जवळ आहेत. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावयाचा असतो. निवडणूक संचालन नियमांतील ८८ व्या नियमाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीला एक रुपया शुल्क भरून तो पाहता येतो आणि ठरलेले शुल्क देऊन साक्षांकित प्रत घेता येते. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा दीड लाखावरून २०२२ मध्ये ९५ लाखांवर गेली. हिशेब पाहण्याचे शुल्क नियमात एक रुपयाच राहिले.

पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांसमोर म्हणून एक काम ठेवावेसे वाटते. नगर जिल्ह्यातील कोणतीही एक निवडणूक घ्यावी. प्रचाराच्या पंधरवड्यातील स्थानिक दैनिकांचे अंक काढावेत. त्यांत छापलेल्या सभा, गाड्या, जाहिराती, स्तुतिपर पाने यांची तारीखवार नोंद करावी आणि ती दाखल झालेल्या हिशेबाशी ताडून पाहावी. या जिल्ह्यातूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. येथील वृत्तपत्रवाचनाची परंपरा जुनी आहे. परंतु बातमी आणि हिशेब शेजारी ठेवून वाचण्याची सवय अद्याप लागावयाची आहे. १९९३ च्या निवाड्याने ज्या खर्चमर्यादेला धूळफेक म्हटले ती धूळ नेमकी कोठे उडते, हे अशा कामातून गावाच्या आणि तारखेच्या नावानिशी दाखविता येईल. ते दाखवून झाल्यावर वृत्तपत्रांच्या सामर्थ्याविषयी आणि दुर्बलतेविषयी बोलणे अधिक अधिकाराचे होईल.